जुनी स्पोर्ट्स कार, नवी साउंड सिस्टीम: वायर कापण्याआधी

वाचकांचे प्रश्न बहुतेक एकाच वळणाने येतात. हौसेने घेतलेली किंवा वडिलांकडून आलेली टू-सीटर दारात उभी आहे, इंजिन अजून खणखणीत आहे, पण रेडिओ कॅसेटच्या किंवा सीडीच्या जमान्यातला. फोन जोडता येत नाही आणि स्पीकर फाटक्या आवाजात बोलतात. दुकानात गेलं की समोरचा नऊ-दहा इंचांचा चमचमता टचस्क्रीन दाखवतो आणि म्हणतो, ‘‘सर, बस थोड़ी वायर काटनी पड़ेगी, बाकी सब हो जाएगा.’’ भोपाळ असो, इंदूर असो की पुणे, वाक्य तेच. मग तुमचा गोंधळ सुरू होतो: कापू द्यावी का? विमा चालेल का? आरटीओ पकडेल का?

थोडक्यात उत्तर असं की जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये केलेलं प्रत्येक काम उलटं फिरवता आलं पाहिजे. मूळ तार कापायची नाही, मूळ डॅशबोर्ड तासायचा नाही, काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवायचा. अशा गाडीची किंमत तिच्या मूळपणात असते. पाच वर्षांनी गिऱ्हाईक येतं तेव्हा त्याला टचस्क्रीन दिसत नाही, टचस्क्रीनसाठी कापलेली चौकट दिसते.

आधी गाडी ओळखा

सिस्टीम निवडण्याआधी आपल्या गाडीचा रेडिओ कोणत्या घराण्यातला आहे ते पाहा.

साधं घराणं म्हणजे डिन मापाचा रेडिओ. सिंगल डिनचा खाचा सुमारे १८० बाय ५० मिलिमीटरचा, डबल डिनचा त्याच्या दुप्पट उंचीचा. मागे ठरावीक कपलर असतात आणि प्रत्येक तारेचं काम ठरलेलं असतं. पहिल्या पिढीची ऑडी टीटी, सुरुवातीच्या वर्षांतली पहिली पोर्श बॉक्सस्टर आणि आपल्याकडच्या नव्वदच्या दशकातल्या बहुतेक गाड्या यात येतात. यांचं काम सोपं.

दुसरं घराणं प्रकाशतंतूचं. २००४ नंतरची मर्सिडीज एसएलके किंवा पोर्शची पीसीएम सिस्टीम बसवलेली दुसऱ्या पिढीची बॉक्सस्टर घेतली, तर रेडिओ, अँप्लिफायर, सीडी चेंजर हे सगळे ‘मोस्ट’ नावाच्या ऑप्टिकल साखळीत गुंफलेले असतात. साखळी वर्तुळाकार असते, त्यामुळे एक डबा काढला की वर्तुळ तुटतं आणि सगळी गाडी मुकी होते. इथे साधा स्टिरिओ आणून जोडता येत नाही. त्या गाडीसाठीच बनवलेला इंटरफेस लागतो. दुकानदाराने ‘मोस्ट’ हा शब्द ऐकलेला नसेल तर चहा प्या आणि निघा.

तिसरी तऱ्हा फायबरग्लासच्या अंगाची. गोव्यात सॅन मोटर्सने १९९८ च्या सुमारास बाजारात आणलेली सॅन स्टॉर्म हे आपलं घरचं उदाहरण. आराखडा फ्रेंच, इंजिन रेनोचं १,१४९ सीसी, आणि अंग फायबरग्लासचं. दिलीप छाब्रियांच्या डीसी अवंतीचं अंगही पत्र्याचं नाही. पत्र्याच्या गाडीत कारागीर काळी तार जवळच्या कुठल्याही स्क्रूला बांधून मोकळा होतो, कारण सगळं अंगच अर्थिंगचं काम करतं. फायबरग्लास वीज वाहत नाही. तिथे अर्थिंगची तार थेट चासीपर्यंत किंवा बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतच न्यावी लागते, नाहीतर स्टिरिओ मधेच बंद पडतो किंवा खरखरतो. अँटेनाचंही तेच. पत्र्याच्या टपावर चिकटवायचा अँटेना इथे नीट चालत नाही, त्याच्या बुडाशी धातूची पट्टी द्यावी लागते. ही गोष्ट कारागिराला तुम्हीच सांगा. रोज मारुती आणि ह्युंदाईवर काम करणाऱ्या माणसाला फायबरग्लासची गाडी वर्षात एकदाही भेटत नाही, तेव्हा त्याचा दोष नाही.

बॅटरीचं टोक काढण्याआधी

कारागीर पहिलं काम करतो ते बॅटरीचं टोक सोडवण्याचं. ते बरोबरच आहे, पण जुन्या युरोपियन गाडीत त्याआधी चार गोष्टी पाहून घ्या.

- रेडिओचा कोड. बेकर, ब्लाउपुंक्ट यांसारख्या मूळ रेडिओंना वीज तुटली की पुन्हा सुरू होताना कोड लागतो. तो गाडीच्या कागदपत्रांतल्या छोट्या कार्डावर असतो. कार्ड सापडत नसेल तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून अनुक्रमांकावरून कोड मिळतो का ते पाहा. चुकीचा कोड पुन्हा पुन्हा टाकला की रेडिओ कुलूपबंद होतो.
- चौकट नसलेल्या काचा. बीएमडब्ल्यू झेड-फोर, बॉक्सस्टर, टीटी यांच्या दाराच्या काचा दार उघडताना थोड्या खाली सरकतात. वीज नसली की त्या सरकत नाहीत आणि दार आपटलं की काच रबरात अडकते, प्रसंगी तडकते. काचा आधी खाली घेऊन ठेवा.
- पुढचं झाकण. बॉक्सस्टरची बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि काही वर्षांच्या गाड्यांत त्या डिकीचं कुलूप विजेवर चालतं. बॅटरी सोडवली आणि झाकण पडलं, तर बॅटरीपर्यंत पोचण्याचा रस्ताच बंद. काम होईपर्यंत झाकण उघडं ठेवा.
- एअरबॅग. स्टिअरिंगजवळचे आणि सीटखालचे पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. त्यांना हात नाही, त्यातून वीज घेणं तर मुळीच नाही.

पर्याय कोणते

सगळ्यात कमी ढवळाढवळीचा पर्याय म्हणजे मूळ रेडिओ तसाच ठेवून त्याच्या सीडी चेंजरच्या कपलरला ब्लूटूथचा छोटा डबा जोडणं. डॅशबोर्ड जसाच्या तसा, गाणी फोनवरून. ज्यांना गाडीचं रूप महत्त्वाचं आणि पडद्याची हौस नाही त्यांनी इथेच थांबावं. माझ्या मते जुन्या टू-सीटरच्या निम्म्या मालकांसाठी हाच पर्याय योग्य आहे, आणि दुकानदार नेमका हाच सुचवत नाही, कारण यात त्याला फारसं काही सुटत नाही. सिगारेट लायटरमध्ये खुपसायचा एफएम ट्रान्समीटर मात्र घेऊ नका. शहरात एफएमची इतकी केंद्रं एकमेकांना लागून आहेत की मोकळी जागा सापडेपर्यंत गाणं संपतं.

दुसरा पर्याय जुन्या चेहऱ्याचा नवा सिंगल डिन रेडिओ. ब्लाउपुंक्ट आणि कॉन्टिनेंटल यांनी नॉब आणि बटणांचे असे रेडिओ काढले आहेत, आत ब्लूटूथ आणि यूएसबी. नव्वदच्या दशकातल्या डॅशबोर्डवर हे शोभून दिसतात.

तिसरा पर्याय कंपनीचाच. पोर्शने २०२० मध्ये जुन्या गाड्यांसाठी पीसीसीएम नावाचे संच आणले. त्यातला ‘प्लस’ हा पहिल्या बॉक्सस्टरच्या आणि ९९६ मालिकेच्या ९११ च्या डबल डिन जागेत बसतो, ७ इंची पडदा आणि अॅपल कारप्ले, अँड्रॉइड ऑटो दोन्ही देतो. महाग आहे, पण काही कापावं लागत नाही आणि गाडी विकताना त्याचे पैसे वसूल होण्याची शक्यता इतर कशापेक्षाही जास्त.

चौथा पर्याय नावाजलेल्या कंपनीचा टचस्क्रीन. सोनी, पायोनिअर, केनवुड यांच्याकडे असे संच आहेत ज्यांचा डबा सिंगल किंवा डबल डिन खाचात बसतो आणि मोठा पडदा बाहेर तरंगता राहतो. खाचा तासावा लागत नाही. मात्र बसवण्याआधी पुठ्ठ्याचा त्याच मापाचा तुकडा कापून डॅशबोर्डवर धरून पाहा. टू-सीटरच्या अरुंद डॅशबोर्डवर नऊ इंची पडदा एसीची जाळी झाकतो, धोक्याच्या दिव्याचं बटण झाकतो, आणि पुष्कळदा गिअर टाकताना हाताला लागतो.

राहिला पाचवा, बिननावाचा ‘अँड्रॉइड स्टिरिओ’. स्वस्त आहे, दिसायला झोकदार आहे. खोक्यावर लिहिलेली रॅम आणि आतली रॅम यांचा संबंध असेलच असं नाही, कारण सेटिंगच्या पानावरचा आकडा सॉफ्टवेअरने हवा तसा दाखवता येतो. दोन वर्षांनी त्याचं सॉफ्टवेअर कुणी विचारत नाही. आणि भोपाळच्या मे महिन्यात बंद गाडीत, कलत्या काचेखाली, असा पडदा किती टिकेल याचा विचार करा. फोनमध्येच नकाशा आणि गाणी आहेत, त्यामुळे स्टिरिओने फोन दाखवला की पुरे. स्वतंत्र अँड्रॉइडची गरज नाही.

आवाजाचा खरा फरक दारांत पडतो

एकूण खर्चाचा निम्मा भाग स्पीकर आणि दारांच्या कामावर ठेवा, स्टिरिओवर नाही. जुन्या स्पीकरच्या शंकूभोवतीची फोमची कडा वयाने पिठासारखी भुरभुरते. बोट लावलं की तुकडा हातात येतो. असा स्पीकर कितीही भारी स्टिरिओ जोडला तरी फाटकाच वाजणार.

नवा स्पीकर घेताना व्यास सगळे पाहतात, खोली कुणी पाहत नाही. काच पूर्ण खाली घ्या आणि मग स्पीकरच्या जागेपासून काचेपर्यंतचं अंतर मोजा. काच वर असताना मोजलं तर स्पीकर बसतो, पण दार मिटून काच खाली केली की चुंबकावर आदळते.

दारांना डॅम्पिंग करून घ्या. बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवायच्या या चादरी पत्र्याचं थरथरणं थांबवतात. चादर ब्युटाइल रबराची घ्या. डांबराची स्वस्त चादर उन्हाळ्यात वितळून ओघळते आणि तिचा वास गाडीतून जात नाही. दाराच्या तळाशी पाणी निघायची छोटी भोकं असतात, ती कारागीर घाईत झाकून टाकतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की काचेवरून उतरलेलं पाणी दारातच साठतं, स्पीकर भिजतो, पत्रा आतून गंजतो. चादर लावून झाल्यावर दाराचं पॅनेल बसवण्याआधी वरून तांब्याभर पाणी ओता आणि खालून निघतं का ते डोळ्यांनी पाहा. या एका मिनिटासाठी दुकानात थांबणं योग्य.

आणखी एक. बोसची सिस्टीम असलेल्या गाड्यांत स्पीकरचा ओहम कमी असतो, कित्येकदा दोनपेक्षाही कमी. त्या अँप्लिफायरला बाजारातला चार ओहमचा स्पीकर लावला तर आवाज मरतो, आणि उलट, त्या स्पीकरला साधा स्टिरिओ जोडला तर स्टिरिओ जळतो. बोस असेल तर सगळं बदला, नाहीतर काहीच बदलू नका.

छप्पर उघडणाऱ्या गाडीत बेसच्या मागे लागू नका. वाऱ्यात तो उडूनच जातो. दारांतले चांगले कॉम्पोनंट स्पीकर आणि सीटखाली मावणारा आठ इंची सबवूफर एवढं पुरतं. सीट काढून तिथे बास ट्यूब ठेवायची कल्पना तर सोडूनच द्या, त्याचं कारण पुढे कायद्यात आहे.

अँप्लिफायर आणि तारा

खोक्यावरचा ‘१२०० वॅट’ विसरा. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती तेवढं विचारा. चार वाहिन्यांचा, प्रत्येकी ५० वॅट आरएमएसचा अँप्लिफायर टू-सीटरला भरपूर झाला. जुन्या गाडीचा अल्टरनेटर एसी, दिवे आणि पंखा सांभाळूनच दमलेला असतो, म्हणून क्लास-डी प्रकारचा घ्या. तो कमी वीज खातो आणि कमी तापतो.

बॅटरीपासून येणारी मुख्य तार अस्सल तांब्याची हवी. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार सर्रास त्याच भावात गळ्यात मारतात. टोक तासून पाहिलं की आतला पांढुरका गाभा दिसतो. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. फ्यूज अँप्लिफायरला वाचवण्यासाठी नसतो. तार कुठे घासली गेली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. विजेची तार एका बाजूने आणि आवाजाची तार दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर रेस दिली की स्पीकरमधून शिट्टी येते.

जोड कसे दिले ते पाहा. काळी चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पहिल्या उन्हाळ्यात उघडा पडतो. पट्टीचा गोंद पातळ होतो, ती तारेवरून घसरते. क्रिंप करून वरून आक्रसणारी नळी चढवलेली असावी. मूळ कपलरला तुमच्या गाडीचं जुळणारं कपलर लावलं तर जोड द्यायचीच वेळ येत नाही. ते शहरात नसेल तर दिल्लीच्या करोल बागेतून किंवा मुंबईच्या ऑपेरा हाउस भागातून मागवा. आठवडा थांबावं लागेल, थांबा.

ज्या गाड्यांत चावी फिरवल्याचा निरोप स्वतंत्र तारेने न येता कॅन बसवरून, म्हणजे गाडीच्या डिजिटल जाळ्यावरून येतो, तिथे कारागिराला चावीची तार सापडत नाही. मग तो बॅटरीची सततची वीज देऊन मोकळा होतो. स्टिरिओ कधी झोपतच नाही. ०.३ अँपिअरची गळती ऐकायला क्षुल्लक वाटते, पण ४५ अँपिअर-तासांची बॅटरी त्यात साधारण सहा दिवसांत रिकामी होते. रविवारीच बाहेर निघणाऱ्या गाडीला हे पुरेसं आहे. अशा गाडीला कॅन बसचा अडॅप्टर घ्याच.

पडदा कशासाठी

चालकासमोर चित्रपट चालवायची हौस असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. हँडब्रेकची तार अर्थिंगला जोडून ‘व्हिडिओ अनलॉक’ करून देतो असं सांगणारे भेटतील. त्यांना नाही म्हणा. पडद्याचा खरा उपयोग मागच्या कॅमेऱ्यासाठी. खालच्या बसणीची, जाड खांबांची, मागे धुरकट प्लास्टिकची खिडकी असलेली गाडी जुन्या भोपाळच्या गल्लीत रिव्हर्स घेऊन पाहिलेल्यांना हे सांगायला नको. कॅमेरा नंबरप्लेटच्या दिव्याच्या जागी बसणारा मिळतो, बंपरला भोक पाडू नका. छप्पर उघडी गाडी असेल तर पडदा भर दुपारी उन्हात चालू करून पाहूनच घ्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे छान दिसतात.

दुकानदाराकडून लेखी काय घ्यायचं

- स्टिरिओ, स्पीकर, अँप्लिफायर यांची कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक असलेलं जीएसटीचं बिल. बसवण्याची मजुरीही त्यातच वेगळी दाखवून.
- ‘मूळ वायरिंग कापलेलं नाही’ असं एक वाक्य, सहीनिशी.
- बसवण्याच्या कामाची वॉरंटी. वस्तूची वॉरंटी कंपनी देते, कामाची दुकानदार.
- काढलेले सगळे भाग परत, स्क्रूंसकट.

काम सुरू करण्याआधी डॅशबोर्ड, दारांची पॅनेल आणि चालू इंजिनवरचे इशाऱ्याचे दिवे यांचे फोटो काढून ठेवा.

गाडी ताब्यात घेताना मल्टिमीटर मागा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. गाडी बंद करून, कुलूप लावून, अर्धा तास थांबून मोजलेली गळती ५० मिलिअँपिअरच्या आत हवी. मग भोपाळच्या लालघाटीवरून व्हीआयपी रोडने तलावाकाठी एक फेरी मारा आणि पुढे श्यामला हिल्सच्या चढावर रेस वाढवून ऐका. शिट्टी, थरथर, दाराचं कुरकुरणं जे असेल ते तिथे कळेल. पैसे त्यानंतर.

आरटीओ आणि पोलीस

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांवर बोट ठेवलं. स्टिरिओ आणि स्पीकर त्या प्रमाणपत्रात नसतात, म्हणून ते बदलायला हरकत नाही. बसण्याच्या जागांची संख्या मात्र असते. सबवूफरसाठी सीट काढलीत तर बदल झाला, आणि कलम १८२-अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते.

गाडी चालवताना हातात फोन धरला तर कलम १८४ लागतं: १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. नकाशासाठी फोन लावायची सोय करणं हे म्हणूनच चैनीचं काम नाही. आवाजाबाबत मध्य प्रदेशात १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियम आहे. रात्री दहा ते सकाळी सहा छप्पर उघडून गल्लीला गाणी ऐकवू नका.

विमा

कंपनीने न दिलेलं विजेवर चालणारं सामान पॉलिसीत वेगळं नोंदवावं लागतं. मोटार विम्याच्या दरपत्रकात त्यासाठी आयएमटी २४ ही तरतूद आहे आणि सामानाच्या किमतीच्या ४ टक्के ज्यादा हप्ता तिच्यात धरलेला आहे, म्हणजे ५०,००० च्या सिस्टीमला २,०००. नोंद नसेल तर चोरीला गेलेल्या स्टिरिओचे पैसे मिळत नाहीत. शॉर्टसर्किटने आग लागली तर बाहेरच्या वायरिंगवरून कंपनी वाद घालते, तेव्हा बिल आणि नोंद हाताशी असलेली बरी.

काम बिघडलं तर

बिल न देणं आणि सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहेत. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’ असा शिक्का मारल्याने तुमचा हक्क जात नाही. आधी दुकानदाराला फोटोंसह लेखी कळवा, व्हॉट्सअॅपही चालेल. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तेवढ्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग.

सामान करोल बागेतून घेतलेलं असलं तरी तक्रार भोपाळच्या जिल्हा आयोगात करता येते, कारण तुम्ही राहता तिथे ती दाखल करण्याची सोय या कायद्यात आहे. मुदत दोन वर्षांची. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही, आणि वकील लावणं सक्तीचं नाही.